घडीचा फोन आणि मोंढ्यातली धूळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घडीच्या, म्हणजे फोल्डेबल, फोनविषयी आलेला लेख वाचला. लेखात कॅमेरा, बॅटरी, प्रोसेसर यांची माहिती होती आणि ऐपत असेल तर असा फोन जरूर घ्यावा, असा सल्ला होता. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्याला तो सल्ला कदाचित लागू पडेल. परतूरच्या मोंढ्याजवळ बी-बियाणे आणि खतांचे दुकान चालवणाऱ्या माझ्यासारख्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तो का पडत नाही, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र.

मोठ्या स्क्रीनची गरज खोटी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. शहरातल्या नोकरदाराच्या टेबलावर लॅपटॉप असतो. आमच्याकडे बहुतेक घरांत फोन हाच संगणक. ई-पीक पाहणी फोनवर, पीक विम्याची पावती फोनवर, आणि पंधरा रुपये भरून उतरवलेला सातबाराही फोनवरच. गाव नमुना बारामधले रकाने उभ्या, अरुंद स्क्रीनवर वाचायचे म्हणजे बोटाने इकडून तिकडे सरकवत हंगाम कोणता, पीक कोणते आणि क्षेत्र किती, याचा मेळ डोक्यात ठेवावा लागतो. दुकानात हंगामात रोज पाच-दहा शेतकरी फोन पुढे करून ‘हे काय पडलंय बघा’ म्हणतात. फोटो सोयाबीनच्या पानाचा असतो. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला आहे, की पिवळे आणि हिरवे चट्टे एकमेकांत मिसळले आहेत, यावरून लोहाची कमतरता की पिवळा मोझॅक याचा अंदाज बांधावा लागतो, आणि चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला हा फरक छोट्या स्क्रीनवर दिसता दिसत नाही.

त्यामुळे पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत घडीचा फोन घेऊन आला, तेव्हा मी सगळ्यात आधी त्यावर माझाच सातबारा उघडून पाहिला. बारा नंबरचे सगळे रकाने एका नजरेत आले. खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही मोह झाला. मी बोट एका रकान्यावर टेकवून काही दाखवू लागलो, तेवढ्यात तो म्हणाला, ‘‘मामा, नख नका लावू.’’ पावणेदोन लाखांच्या वस्तूला नख लावायचे नाही, हे ऐकून आधी हसू आले आणि मग मी त्यामागचे कारण शोधून वाचले.

जाड काच वाकत नाही, तडकते. कडब्याचे धाट वाकवले की मोडते, पण त्याच ज्वारीचे पान बोटाभोवती गुंडाळता येते. तसेच काचेचे आहे. सुरुवातीच्या घडीच्या फोनवर काच नव्हतीच, वर निव्वळ प्लॅस्टिकचा पातळ थर होता. २०२० मध्ये सॅमसंगच्या झेड फ्लिपमध्ये सुमारे ३० मायक्रॉन जाडीची, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ काच आली. ती वाकते हे खरे, पण तिच्यावर संरक्षणासाठी पुन्हा प्लॅस्टिकचाच थर असतो आणि आपले बोट त्या थराला लागते. साध्या फोनची कडक काच किल्लीच्या ओरखड्याला दाद देत नाही. इथे मात्र नखाचाही वळ उठू शकतो.

घडीची रेघ हा दुसरा मुद्दा. वाकताना स्क्रीनचे काही थर ताणले जातात, काही दाबले जातात, आणि त्याच जागी हळूहळू खळगी पडते. अलीकडच्या बिजागऱ्यांमध्ये आतली स्क्रीन पाण्याच्या थेंबाच्या आकारात वळते, त्यामुळे ही रेघ बरीच पुसट झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण पैठणीची घडी अधूनमधून बदलून ठेवावी, नाहीतर घडीवर जर तुटते, हे आमच्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. फोनची घडी बदलता येत नाही. दिवसातून शंभर वेळा ती त्याच एका रेषेवर पडते.

आता धुळीविषयी, कारण माझा खरा मुद्दा तोच आहे. दिवाळीच्या आसपास मोंढ्यात सोयाबीनची आवक असते. चाळणी लागते, पोती झटकली जातात, आणि जिनिंगच्या बाजूने कापसाचे तंतू उडत येतात. दुकानाचा काउंटर सकाळी पुसला तर दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येते. भाचा दोन दिवस माझ्या गल्ल्याशेजारी बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने फोन मिटला, तेव्हा आत कसलासा बारीक खडा राहिला असावा. मिटताना कुरकुर आवाज आला आणि उघडल्यावर रेघेजवळ मोहरीएवढा काळा ठिपका दिसला. सकाळपर्यंत त्या ठिपक्यातून एक हिरवी उभी रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. संभाजीनगरच्या सेवा केंद्रात गेल्यावर कळले की आतली स्क्रीन अर्धीमुर्धी दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावी लागते. ती मागवावी लागेल. आणि खडा बाहेरून गेलेला असल्याने वॉरंटी लागू नाही. सांगितलेल्या रकमेत एक चांगला नवा साधा फोन आला असता. परतूरमध्ये फोनची काच बदलून देणारी मुले हुशार आहेत, अर्ध्या तासात काम करून देतात, पण या फोनला त्यांच्यापैकी एकानेही हात लावला नाही.

हे भाच्याचे एकट्याचे नशीब म्हणून सोडून देता आले असते. परंतु या फोनचा इतिहासच धुळीपासून सुरू होतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये सॅमसंगने पहिला गॅलेक्सी फोल्ड जाहीर केला आणि एप्रिलमध्ये तो विक्रीला यायचा होता. पण परीक्षणासाठी दिलेले काही फोन थोड्याच दिवसांत बिघडले. काहींनी वरचा संरक्षक थर साधा स्क्रीनगार्ड समजून सोलून काढला होता, तर काही फोनमध्ये बिजागरीच्या टोकाशी असलेल्या फटीतून कण आत शिरले होते. विक्री पुढे ढकलून, फटी झाकून तो फोन सप्टेंबरमध्ये बाजारात आला. पुढच्या वर्षीच्या फोनच्या बिजागरीत कण अडवण्यासाठी ब्रशासारखे बारीक तंतू बसवले गेले. २०२१ मध्ये पाण्यापासून संरक्षणाचे मानांकन मिळाले, धुळीचे मात्र मिळाले नाही.

हे मानांकन वाचायचे कसे, हे आपल्या लेखात यायला हवे होते. ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला घन कणांसाठी आणि दुसरा पाण्यासाठी. जुलै २०२५ मध्ये आलेल्या गॅलेक्सी झेड फोल्ड ७ चे मानांकन आयपी ४८ आहे. यातला ८ पाण्यात बुडण्याविषयी दिलासा देतो. ४ चा अर्थ मात्र एवढाच की एक मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू आत जाणार नाही. आमच्या काळ्या जमिनीतल्या चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. साध्या महागड्या फोनला वर्षानुवर्षे मिळत असलेला ६, म्हणजे धूळ अजिबात आत न जाण्याचा अंक, घडीच्या फोनमध्ये गूगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डने २०२५ मध्ये आणला, आणि त्याची आपल्याकडची किंमत जाहीर झाली ती १,७२,९९९ रुपये. तो अंकसुद्धा फोनच्या पोटात धूळ जाणार नाही, एवढेच सांगतो. स्क्रीनच्या दोन पानांमध्ये खडा राहिला आणि फोन मिटला, तर त्याचे उत्तर कोणत्याच अंकात नाही.

घड्यांच्या संख्येचा मोठा गाजावाजा होतो. आधी दोन लाख घड्यांचा दावा असे, झेड फोल्ड ७ साठी तो पाच लाखांचा आहे. रोज शंभर वेळा उघडझाप धरली तरी ही तेरा वर्षांहून अधिक होतात, आणि तेवढा काळ कोणी एक फोन वापरत नाही. पण या चाचण्या यंत्र करते, तेही स्वच्छ खोलीत, समान दाबाने. तिथे जिनिंग नसते.

किमतीबद्दल थोडक्यात. झेड फोल्ड ७ ची भारतातली सुरुवातीची किंमत १,७४,९९९ रुपये होती. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे हमीभाव पदरात पडला असे धरले (आणि मोंढ्यात तो किती वेळा पडतो हे मी सांगायला नको), तरी एका फोनसाठी ३३ क्विंटल सोयाबीन घालावे लागेल. कोरडवाहू चार-पाच एकरांचा हा सगळा माल, खर्च वजा न करता. हप्त्यांवर घेतला तर बिनव्याजी चोवीस हप्त्यांतही महिन्याला सात हजारांवर जातात.

टॅब्लेटच्या घडीत तर मला काही अर्थच दिसत नाही. लेनोव्होने २०२० मध्ये आणि आसूसने २०२२ मध्ये घडीचे संगणक आणले, हुआवेने २०२४ मध्ये तीन पदरी फोन चीनमध्ये १९,९९९ युआनला विकायला काढला, आणि कारागिरी म्हणून हे सारे कौतुकास्पद आहे. परंतु घडी घालायची ती वस्तू खिशात मावावी म्हणून. टॅब्लेट घरात, दुकानात किंवा पिशवीत राहतो. त्याला मधोमध दुमडून काय वाचले? बरे, आतली स्क्रीन जवळजवळ चौकोनी असल्याने व्हिडिओ लावला की वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात आणि स्क्रीन दुप्पट होऊनही चित्र काही दुप्पट होत नाही. मी स्वतः शेवटी दुकानासाठी दहा इंची साधा टॅब्लेट घेतला. तो सपाट आहे, काच कडक आहे, सातबारा पूर्ण दिसतो, आणि शेतकरी मातीच्या बोटाने पानावरचा चट्टा दाखवतो तेव्हा मला काही म्हणावे लागत नाही.

घडीचा फोन कोणीच घेऊ नये, असा माझा आग्रह नाही. झेड फोल्ड ७ उघडल्यावर ४.२ मिलिमीटर जाड आणि वजनाला २१५ ग्रॅम आहे, म्हणजे एखाद्या मोठ्या साध्या फोनपेक्षा जड नाही. दिवसभर प्रवासात कागदपत्रे तपासणारा वकील किंवा सनदी लेखापाल, ज्याच्या शहरात सेवा केंद्र आहे आणि ज्याचे काम चार भिंतींच्या आत आहे, त्याला तो उपयोगी पडेल. माझ्या भाच्यालाही पुण्यात तो उपयोगी पडतच होता.

आपल्याला विनंती एवढीच की यापुढे अशा फोनची माहिती छापताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलशेजारी तीन गोष्टी जरूर द्याव्यात: धुळीच्या मानांकनाचा पहिला अंक, आतली स्क्रीन बदलण्याचा वॉरंटीबाहेरचा खर्च, आणि मराठवाड्यातल्या कोणकोणत्या जिल्ह्यांत ती बदलून मिळते.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
परतूर, जि. जालना