लेस्टरहून, सरड्याबद्दल आणि बाकीचं

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लेस्टर, फेब्रुवारी

ती. आई व ती. आप्पा यांना साष्टांग नमस्कार. आज्जीला वेगळा नमस्कार. तिला हे पत्र बाळूनं मोठ्यानं वाचून दाखवावं, मधलं काही गाळू नये.

आई, परवा फोनवर आपलं बोलणं भांडणावर गेलं आणि नेमकी तुमच्याकडची लाईट गेली, म्हणून लिहायला बसले. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा एक फायदा. मी बरी आहे. वेळेवर जेवते. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी थापते. आपल्यासारखी कडक होत नाही, पण भाकरी ती भाकरी. शेंगाचटणी अजून आहे, पाठवायची घाई करू नकोस. थंडी आहे आणि स्वेटरही आहे. बाकी सगळं तुला माहीत आहे.

आता त्या फोटोबद्दल. माझ्या खांद्यावर बसलाय तो सरडा घरमालकीणबाईंचा आहे, माझा नाही. मी पाळलेला नाही. त्याचं नाव बिस्किट. घोरपडीचं पिल्लू नाही, बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला. शेपटीसकट दीड-पावणेदोन फूट भरतो. गळ्याखाली काटेरी पिशवी असते, राग आला की ती फुगवून काळी करतो, पण माझ्यावर अजून केलेली नाही. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. तिथून बाहेर न्यायला 1960च्या दशकापासून बंदी आहे, त्यामुळे इथे घरोघरी आहेत ते सगळे पिंजऱ्यातच जन्मलेले. दहा-पंधरा वर्षं जगतात. बाईंचं कंबरेचं ऑपरेशन झालं, त्यांना वाकता येत नाही, म्हणून त्याचं खाणंपिणं मी बघते आणि त्या भाडं कमी घेतात. एवढंच आहे. "एवढं शिकून सरडे सांभाळायला गेलीस का" असं आप्पा म्हणाले ते मला लागलं, पण ते असो.

तू विचारलंस की हा खातो काय. ते सांगायलाच हवं, कारण इथल्या लोकांची ही एक गोष्ट मलाच अजून पचलेली नाही. प्राण्यांच्या दुकानात टोळ विकायला असतात. हो, टोळच! ज्यांची धाड आली की आपल्याकडे माणसं थाळ्या-डबे बडवत शेतात पळतात, ते टोळ इथे प्लॅस्टिकच्या डबीत जिवंत मिळतात. लहान, मध्यम, मोठे असं मापाप्रमाणे लेबल लावलेले असतात आणि लोक रांगेत उभं राहून ते विकत घेतात. घरी आणून लगेच वाढायचे नाहीत. आधी एक-दोन दिवस त्या टोळांनाच गाजर आणि पाला खायला घालायचा. उपाशी किड्यात सत्त्व नसतं. त्याच्या पोटात चांगलं गेलं तर ते पुढे सरड्याच्या पोटात जातं, असा हिशोब. मग पिशवीत कॅल्शियमची पावडर घ्यायची, टोळ आत सोडायचे आणि पिशवी हलवायची. पुरणपोळी लाटताना तू पिठी लावतेस तेवढी पांढरी झाक आली की झालं. किडा किती मोठा चालतो? सरड्याच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढाच, त्याहून मोठा नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं बाई माझी थट्टा करतायत.

हे सगळं उगीच नसतं पण. टोळांमध्ये, रातकिड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी. याला पाहिजे उलट, फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. शिवाय नुसतं पोटात जाऊन भागत नाही. डोक्यावर खास अतिनील किरणांची ट्यूब लागते, तिच्याखाली बसला की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, तेव्हा कुठे आतड्यातून कॅल्शियम अंगाला लागतं. नाहीतर हाडं वाकतात, जबडा मऊ पडतो. ट्यूब पेटलेली दिसते म्हणून ती चांगलीच आहे असंही नसतं, किरण आधीच कमी झालेले असतात. म्हणून कंपनी सांगेल त्या मुदतीत बदलावी लागते.

आज्जीसाठी खास: मी टोळ मारत नाही, डबीचं झाकण उघडते. आपल्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही हे मी विसरलेले नाही, गळ्यात लिंग आहे आणि रोज पूजा होते. पण सरड्याला इष्टलिंग नाही ना आज्जी, त्यानं काय करावं? तरी तुला बरं वाटेल असं सांगते. पिल्लू असताना ते मुख्यतः किडेच खातं, पण मोठं झालं की गणित उलटतं, ताटात तीन हिस्से पाला आणि एखादा हिस्सा किडे. बिस्किट आता प्रौढ आहे. किडे त्याला आठवड्यातून दोन-तीनदाच. आणि काही लोक लाडानं मेणअळ्या चारतात, त्या म्हणजे नुसती चरबी, त्यानं सरडे लठ्ठ होतात आणि लिव्हर बिघडतं. आम्ही देत नाही.

पाल्याचंही बघून द्यावं लागतं. तू म्हणालीस पालक दे, लोह असतं. पालक नाही चालत आई. पालक, चुका, राजगिरा या सगळ्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला आतड्यातच धरून ठेवतं. कधीतरी एखादं पान ठीक, रोज नको. मोहरीचा पाला, रॉकेट नावाची तिखट भाजी, हिरवळीत उगवणारी डँडेलियनची पानं आणि लाल भोपळ्याच्या जातीतला बटरनट किसून, हे चालतं. ॲव्होकॅडो तर त्याला विषच. लेट्यूसमध्ये पाण्याखेरीज फारसं काही नाही.

आणि आजाराची भीती घातलीस म्हणून: या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, हे खरं आहे. म्हणूनच त्याला हात लावला की साबणानं हात धुते, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये नेत नाही, बाईंनाही नेऊ देत नाही. तुझ्या मुलीला एवढं कळतं.

जानेवारीत मात्र त्यानं आम्हा दोघींना घोर लावला. खाणं सोडलं, पडून राहायला लागला. हिवाळ्यात हे सरडे असे सुस्तावतात, त्यामुळे बाईंना वाटलं तेच असेल. पण पोट टणक लागत होतं, कुंथत होता आणि काही बाहेर येत नव्हतं. मग मागचा पाय ओढायला लागला, तेव्हा मी हट्टानं डॉक्टरकडे नेलं. अशा प्राण्यांचे वेगळे डॉक्टर असतात, फी ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. एक्स-रेमध्ये मळ अडकलेला दिसला. पुष्कळ वेळा खाली वाळू पसरलेली असते, खाताना ती गिळली जाते आणि गोळा होतो. पण बाईंकडे फरशी आहे, वाळू नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो उन्हाचा. पेटीत एका टोकाला दिव्याखाली 40 अंशांच्या आसपास ऊन लागतं, दुसरं टोक गार. घरी येऊन मोजलं तर ऊन जेमतेम 30. दिव्याची ऊब सांभाळणारा थर्मोस्टॅट बिघडला होता आणि दिवा डोळ्यांना मात्र लख्खच दिसत होता.

याचं रक्त थंड, अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. बाहेरून ऊब मिळाली तर आतडी हलणार, नाहीतर खाल्लेलं पोटातच कुजत राहणार. म्हणजे बघ, जे ऊन टाळायला आपण मे महिन्यात दुपारी दारंखिडक्या लावून घेतो, अगदी तेवढंच ऊन या प्राण्याला भाजी पचवायला लागतं. आमच्या सोलापुरात आणा, फुकटात बरा होईल, असं मी बाईंना म्हणाले. त्या हसल्या आणि मग सोलापूर नकाशावर कुठं आहे ते दाखव म्हणाल्या.

एरंडेल पाज म्हणून तू फोनवर सांगितलंस, तेही मी डॉक्टरांना विचारलं, खोटं नाही. घरच्या घरी तेल पाजू नका म्हणाले, घशातून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. त्यांनी पाण्याचं इंजेक्शन दिलं. घरी रोज कोमट पाण्यात बसवायचं, पाणी खांद्यापर्यंतच, आणि पोटावरून हलक्या हातानं मागे बोटं फिरवायची. मी ऑफिसमधून आले की ते करायचे. शेवटी एका संध्याकाळी झाली त्याला. मळाचा तपकिरी भाग आणि शेजारी पांढरा खडूसारखा, ती त्याची लघवी, पाणी वाचवायला हे प्राणी अशी कोरडी करतात. पांढरा भाग पिवळा आणि कडक आला तर पाणी कमी पडतंय समजायचं. बाईंनी आनंदानं चहा ठेवला. आता वहीत रोजचं लिहून ठेवते, वजन, खाणं, झाली की नाही. जंतांच्या तपासणीसाठी नमुनाही देऊन आले.

हसू नकोस. मला माहीत आहे तुझ्या मनात काय आलं. माझ्याही आलं.

आप्पा, तुम्हाला दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं, ते अजून राहिलंय. रात्री त्रिफळा, सकाळी इसबगोल आणि विचारलं की "चाललंय की". सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या वेळी बाळूनं नंदीध्वजांच्या मिरवणुकीतला तुमचा फोटो पाठवला, त्यात बाराबंदी अंगावर ढगळी दिसत होती. नवीन शिवली का, असं विचारलं तर आई म्हणाली, तीच आहे. यंदा मी यायला पाहिजे होतं. रजेचं कारण खरं होतं, पण तिकिटाचे पैसे हप्त्याला ठेवायचे हेही होतंच. मी जवळ असते तर हट्टानं नेलं असतं. आता आईनं न्यावं. तपासणीच्या आधी पोट साफ करायचं औषध देतात, त्यानं त्रास होतो, दिवसभर घरीच राहा, त्या दिवशी दुकान बाळू उघडेल. घाबरायचं काही नाही, पुष्कळांना साधंच काहीतरी निघतं. पण बघायला तर पाहिजे.

पैशांचं: 60 हजार पाठवलेत, बुधवारपर्यंत जमा होतील. त्यातून कर्जाचा हप्ता भरा, उरतील ते तपासणीसाठीच. आई, सोनं नको. भाव उतरला असं मावशी म्हणाली तरी नको.

आणि लातूरचं स्थळ. जत्रेतल्या अक्षता सोहळ्याला भेटलेल्या सगळ्यांनी माझं विचारलं, हे तू आत्तापर्यंत प्रत्येक फोनवर सांगितलंस. मी नाही म्हणत नाहीये. मुलाला माझा नंबर दे, रविवारी बोलेन. पण आप्पांचा रिपोर्ट आल्याशिवाय त्यांच्या घरच्यांना बोलवू नकोस, आणि मी इथली नोकरी लगेच सोडेन असं परस्पर कबूल करू नकोस. सरड्याचं लपवू नकोस. तो फोटो त्यांच्यापर्यंत पोचलाच असेल.

आज्जीच्या गुडघ्याला तेल लावत जा. बाळूला अभ्यास कर म्हणावं.

तुमची,
छकुली

ता. क. हप्ता 5 तारखेला आहे. बाळूला 3 तारखेलाच भरायला सांग, मध्ये सुट्टी आली की दंड लागतो. आणि पावतीचा फोटो स्पष्ट काढ म्हणावं, मागच्या वेळी आकडेच दिसत नव्हते.