वय तपासा, पण कागद गोळा करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती उघडू देऊ नयेत, असा सूर आता आपल्याकडेही ऐकू येतो आहे. ऑस्ट्रेलियात असा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यानंतर गोवा आणि आंध्र प्रदेशातल्या मंत्र्यांनीही तसा विचार बोलून दाखवला. मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात शिकवते. रात्री उशिरापर्यंत रील्स पाहून पहिल्या तासाला पेंगणारी मुले माझ्या वर्गात आहेत. त्यामुळे मुलांना मोबाइल मोकळा सोडा, असे मी मुळीच म्हणणार नाही. माझी हरकत आहे ती वय तपासण्याच्या पद्धतीला.

कोण लहान आहे हे शोधायचे तर कोण मोठा आहे हेही तपासावे लागते. म्हणजे मुलांसाठी केलेल्या नियमात प्रत्येक प्रौढालाही आपली ओळख पटवावी लागणार: आधार, पॅन, नाहीतर कॅमेऱ्यासमोर चेहरा. यातले काय कुठे साठते आणि किती दिवस राहते, हे सामान्य माणसाला कळायला मार्ग नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑनलाइन गप्पांचे ॲप चालवणाऱ्या डिस्कॉर्ड या कंपनीने जाहीर केले, की तिचे काम करणाऱ्या एका बाहेरच्या कंत्राटदाराकडून सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असण्याची शक्यता आहे. त्यांतली बरीच ओळखपत्रे लोकांनी आपले वय सिद्ध करण्यासाठीच दिली होती. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ मध्ये प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांवर वयतपासणी सक्तीची झाली आणि लगेच व्हीपीएन, म्हणजे आपण कुठून इंटरनेट वापरतो ते लपवणारी ॲप, डाउनलोडच्या यादीत वर चढली. चतुर मुले वाट काढतात आणि सरळ माणसे कागद देऊन बसतात.

आपला कायदा तर झालेलाच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी कंपनीला आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची पडताळलेली संमती घ्यावी लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले आणि संमतीची ही अट त्यानंतर दीड वर्षाने, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास लागू होईल. संमती देणारा खरोखर प्रौढ आहे का, हे कंपनीने तिच्याकडे आधीपासून असलेल्या माहितीवरून, पालकाने दिलेल्या तपशिलावरून किंवा डिजिलॉकरसारख्या, सरकारी कागदपत्रे ऑनलाइन ठेवणाऱ्या सेवेच्या टोकनवरून (वयाची खात्री देणाऱ्या डिजिटल खुणेवरून) ठरवायचे आहे.

कागदावर हे ठीक दिसते. आता धारूर, वडवणी, पाटोद्याच्या वाड्या-तांड्यांवर या. दसरा-दिवाळी झाली, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फिटवायची, की नवराबायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात निघतो. फोन त्यांच्याबरोबर जातो. पोरे आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. पाच-सहा महिने या मुलांची खरी पालक आजीच असते, पण कायद्याच्या भाषेतली पालक ती नाही. तसा कागद तिच्याकडे नसतो. सिम चुलत्याच्या नावावर, आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला, आणि ओटीपी येणार तो फडात पाचटावर उभ्या असलेल्या बापाला. अशा घरातली संमती शेवटी कोण देणार? गावातला सेवा केंद्रवाला किंवा मोबाइलच्या दुकानातला पोरगा.

मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. पीकविमा असो, शिष्यवृत्ती असो की उत्पन्नाचा दाखला, आपल्याकडे आधारचा फोटो आधी कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर जातो आणि मग काम होते. तो फोटो पुढे कुणी पुसतो का, हे कुणी विचारत नाही. त्यात आता मुलांच्या प्रत्येक खात्यासाठी पालकाचा कागद लागू लागला, तर हीच रांग दुप्पट होईल आणि सोबत अंगठ्याचा, ओटीपीचा व्यवहारही परक्या हातांतून होईल. शिवाय कागदावरचे वय तरी खरे असते का? १ जून ही जन्मतारीख आमच्या पिढीत किती जणांची आहे, हे कोणतेही जुने शाळा रजिस्टर सांगेल.

मुलींचे आणखी वेगळे. बालविवाहांच्या प्रमाणात परभणी आणि बीड हे जिल्हे राज्यात वरच्या क्रमांकावर आहेत. घरात लग्नाची बोलणी सुरू झालेली पंधरा वर्षांची मुलगी मैत्रिणीशी, शिक्षिकेशी किंवा मदत करणाऱ्या संस्थेशी ज्या फोनवरून बोलते, त्यावरच्या खात्याची किल्ली बापाच्या हातात देताना कायदा करणाऱ्यांनी तिचा विचार केला आहे का? भावाला संमती मिळेल, तिला मिळणार नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर बंधन घालायचे तर ते गरजेपुरतेच असावे, हेही त्याच निकालात आहे. वयतपासणीत गरज एवढीच आहे, की समोरच्याचे 'अठरा पूर्ण आहेत की नाहीत'. नाव, पत्ता, आधार क्रमांक, चेहरा यांतले काहीही कंपनीकडे न जाता एवढे एकच उत्तर जाईल, अशी सोय तंत्राने करता येते. तीच सक्तीची करावी आणि कागदाची प्रत ठेवण्यावर सरळ बंदी घालावी. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि रात्रीच्या सूचना सर्वांसाठीच मुळात बंद ठेवायला कंपन्यांना सांगावे. त्यासाठी कुणाचाही कागद लागत नाही.

आणखी एक मुद्दा मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या खासदारांनी संसदेत मांडावा. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या कंपनीला या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारच्या संचित निधीत जमा होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ कलमात बाधित व्यक्तीला भरपाईची सोय होती. नव्या कायद्याने ते कलमच गाळण्याची तरतूद केली आहे. ज्या ऊसतोड मजुराचे आधार फुटेल आणि खात्यातून पैसे जातील, त्याला थेट भरपाई मागता यावी, अशी दुरुस्ती संमतीची अट लागू होण्याआधी करावी.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
धारूर, जि. बीड