मालवणच्या समुद्रतळाचीही विचारपूस व्हावी

महोदय,

मालवण म्हटले की सिंधुदुर्ग किल्ला आणि स्कूबा डायव्हिंग यांची चर्चा होते; मात्र ज्या खडपांवर (समुद्रातील खडकांवर) आणि प्रवाळांवर हे पर्यटन उभे आहे, त्यांची विचारपूस क्वचितच होते. येथे १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि पुढे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ वाघाच्या पंगतीला बसले. तरीही पर्यटक नौका थेट खडपावर नांगर टाकताना दिसतात. (नांगर शेतातला असो वा समुद्रातला, तळ उकरतोच.)

ट्रॉलरचे (यांत्रिक मासेमारी नौकेचे) जड जाळे तळावरून फरफटत जाते तेव्हा शिंपले, खेकडे, माशांची पिल्ले तर ओढली जातातच, शिवाय उठलेला गाळ दूरवर पसरून प्रवाळांवर बसतो आणि त्यांच्या ऊतींत राहून त्यांना अन्न पुरवणाऱ्या शैवालांना मिळणारा प्रकाश अडवतो. पावसाळ्यात नद्यांचे गोडे, गढूळ पाणी किनाऱ्यालगतची क्षारता उतरवते. त्यात समुद्र तापला तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. हे ताण स्थानिक पातळीवर थांबवणे आपल्या हाती नाही, हे मान्य. म्हणूनच स्थानिक मानवी ताण कमी करणे अधिक निकडीचे ठरते.

डायव्हिंगच्या प्रत्येक जागी नौका बांधण्यासाठी कायमस्वरूपी तरते बोये बसवावेत आणि किनाऱ्यालगतच्या यांत्रिक मासेमारीवर बारमाही गस्त ठेवावी, अशी रापणकर (किनाऱ्यावरून पारंपरिक जाळे ओढणाऱ्या) मच्छीमारांच्या वतीने विनंती आहे.

— एक वाचक, मालवण