आंबोलीच्या मावशी, तुमचे आभार कसे मानू

मावशी, हे तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर मुद्दाम लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते लोकांना कळायला हवं.

माझा रिसर्च अर्टिकेसी कुळावर आहे, म्हणजे तुमच्या रानातली मोठी खाजोटी आणि तिचे भाऊबंद. त्यातले पाइलिया, एलाटोस्टेमा अजिबात झोंबत नाहीत, पण खाजोटीच्या अंगावरचा एकेक केस म्हणजे इंजेक्शनची सुई, टोक सिलिकाचं, काचेसारखं, हात लागला की तुटतं आणि आतलं पाणी कातडीत जातं. फुलं इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना धड दिसत नाहीत, नर वेगळी मादी वेगळी, त्यामुळे ओळख पटवायची तर नमुना नीट दाबून वाळवलेला लागतो. वेडेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1856 मध्ये या कुळाचा एवढा मोठा ग्रंथ लिहिला तोही बराचसा अशाच वाळवलेल्या नमुन्यांवरून. आणि आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस! नमुन्यांमधले ओलावा शोषणारे कागद रोज बदलले नाहीत तर बुरशी सगळं खाऊन टाकते.

ज्यांनी मदत करायची त्यांनी काय केलं? एका ठिकाणी नमुने वाळवायचा ड्रायर रिकामा पडलेला, तरी बाहेरच्यांना देत नाही म्हणाले. दुसरीकडे साध्या पत्रावर सही मिळेना. एका सरांनी तर तोंडावर सांगितलं, असल्या खाजऱ्या झुडपांवर कशाला वेळ घालवतेस. मला तो शब्द अजून लागतो.

आणि तुम्ही? ओळख ना पाळख, पडवीत जागा दिलीत, चुलीवरच्या माळ्यावरचं जळण बाजूला सारून माझी प्रेस, म्हणजे नमुने कागदांत दाबून ठेवायची चौकट, ठेवलीत. त्या रात्री मी तापाने फणफणले होते, कागद बदलायला उठायला लागले तर म्हणालात, "तू नीज गो, मी बघतंय." मला वाटलं समजूत काढताय. सकाळी बघते तर सगळे ओले कागद निघालेले, शेजारपाजारच्या घरांतून रद्दी गोळा करून कोरडे घातलेले. खाजोटी वाळली तरी झोंबते हे तुम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती, चुलीतला चिमटा घेऊन एकेक फांदी उचललीत, पान दुमडलं तर उलगडून ठेवलंत. पण मावशी, मला रडू आलं ते चिठ्ठ्या बघून. नंबराची चिठ्ठी सुटली तर झाड कुठलं, कधीचं, काही कळत नाही, नमुना वाया जातो. तुम्हाला अक्षर वाचता येत नाही, तरी एकही चिठ्ठी इकडची तिकडे झाली नव्हती, एकीचा दोरा तुटला होता तिथे तुम्ही तुमच्या शिवणाच्या दोऱ्याने गाठ मारली होती, निळ्या. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याच्या कामाची कदर असली की माणूस आपोआप जपून हात लावतो, आणि अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची कामं पुरी होतात, पदव्या आणि खुर्च्यांमुळे नाही.

नमुने आता संग्रहाच्या जाड कागदांवर, शीटवर, चढलेत, एकालाही बुरशी नाही. तो निळा दोरा मी काढलेला नाही. दिवाळी झाली की येतेय, तोवर खाजोटीला फळं धरली असतील ती बघायचीयत, आणि उतरणार तुमच्याकडेच.