कर्नलची भाषा ठरवताना

संपादक महोदय,

कोल्हापूर परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ठरू लागले की ‘स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम’ हा विषय एखादा गट हमखास मांडतो, आणि पहिला वाद प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरून पेटतो. सी जुनाट झाली, रस्टच घ्या, असा एकाचा आग्रह; दुसऱ्याला जावा येते म्हणून जावा हवी. भाषेचे वय गौण आहे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जिच्यात लिहायचा तिला चालायला खाली काय तयार असावे लागते, ते आधी पाहावे.

जावा किंवा पायथन चालवणारा प्रोग्रॅम स्वतःच मेमरी आणि थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागतो; इथे तर तीच लिहायची आहे, म्हणजे तो विषय तिथेच मिटला. गो या भाषेत कर्नल होतो. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘बिस्किट’ सादर करून ते दाखवले. पण त्यासाठी आधी गोचा रनटाइम (प्रोग्रॅम चालताना मागे राबणारा कोड) थेट हार्डवेअरवर बसवावा लागला. चार जणांच्या गटाने हे अंगावर घेऊ नये. सी प्लस प्लस घेतल्यास एक्सेप्शन्स (चुका कळवण्याची भाषेतली सोय) बंद ठेवावीत आणि ग्लोबल कन्स्ट्रक्टर (सुरुवातीलाच व्हेरिएबल तयार करणारी फंक्शन्स) बूट कोडमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या कोडमधून, स्वतः बोलवावेत, नाहीतर ते कोणीच बोलवत नाही.

सीला स्टॅक (फंक्शन्सची तात्पुरती माहिती ठेवायची जागा) मिळाला की ती चालू लागते. १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल तिच्यात नव्याने लिहिला गेला, तेव्हापासून तिचा हा गुण कायम आहे. पण खाचखळगेही आहेत. सीरियल पोर्ट रिकामा होण्याची वाट पाहणाऱ्या लूपमध्ये पोर्टची स्थिती दाखवणाऱ्या रजिस्टरला ‘व्होलाटाइल’ (दर वेळी नव्याने वाच, अशी खूण) लावले नाही, तर ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणे) सुरू करताच कंपायलर, म्हणजे कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, ते एकदाच वाचतो आणि कर्नल तिथेच अडकतो.

याहून छळणारा प्रकार रेड झोनचा. ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रोसेसरवर जीसीसी या कंपायलरने तयार केलेले फंक्शन दुसऱ्या कुणाला बोलवत नसेल, तर स्टॅक पॉइंटरखालचे (स्टॅकचे टोक दाखवणाऱ्या रजिस्टरखालचे) १२८ बाइट, म्हणजेच रेड झोन, पॉइंटर न हलवताच वापरू शकते. कर्नलमध्ये असताना इंटरप्ट (हार्डवेअरने मध्येच घातलेली हाक) आला की प्रोसेसर एरवी त्याच जागी परतीची माहिती लिहितो. टायमर सुरू करेपर्यंत सारे सुरळीत, मग मध्येच एखादे व्हेरिएबल आपोआप बदलते. शोधायला प्रिंट घालावे तर दोष गायब, कारण आता ते फंक्शन दुसऱ्याला बोलवू लागले! या प्रोसेसरसाठी लिहायचे असेल, तर रेड झोन बंद करण्याचा पर्याय मेकफाइलमध्ये (कंपाइल करण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) पहिल्याच दिवशी घालावा. रस्ट घेतली तरी यातून सुटका नाही; तिथेही टार्गेटमध्ये (कोड कोणत्या प्रोसेसरसाठी, त्याच्या वर्णनात) तो बंदच लागतो.

रस्टचा खरा फायदा वेगळा आहे. सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणे, लॉक न घेता दोन कोअरनी एकाच यादीत हात घालणे, असे बरेच दोष कंपाइल होतानाच पकडले जातात. लिनक्सने डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीत तिला जागा दिली, तीही सी न हटवता. मात्र स्टँडर्ड लायब्ररी मिळत नाही, पॅनिक हँडलर (प्रोग्रॅम कोसळताना चालणारा कोड) स्वतः लिहावा लागतो, आणि पेज टेबलला (मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्याला) हात घालायचा तर ‘अनसेफ’ (कंपायलरची तपासणी सैल करणारा भाग) आलेच. ते सगळ्या फाइल्सभर पसरले, तर रस्ट घेऊन साधले काय?

एका वर्षाच्या प्रकल्पाला सी, रिस्क-फाइव्ह (खुल्या आराखड्याचा प्रोसेसर) आणि क्यूईएमयू (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) पुरेसे आहेत. आधी एमआयटीचा एक्सव्ही६ हा शिकवण्यासाठीचा छोटा कर्नल ओळीने वाचावा. गटात रस्ट खरोखर येणारा कोणी असेल, तर एखादा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) तिच्यात करून पाहावा. बूट आणि कॉन्टेक्स्ट स्विच (एका कामावरून दुसऱ्यावर जाणे) यांपुरती असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचना, कुठल्याही भाषेत टळत नाही.

मार्गदर्शकांनी मंजुरी देतानाच गटाकडून एका पानावर लिहून घ्यावे: पहिला स्टॅक कोण तयार करणार, हीप (लागेल तशी मागायची मेमरी) कुठून येणार, मेमरी संपली तर फंक्शन काय परत करणार आणि इंटरप्टमध्ये कोणता कोड चालणार.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर