अधिकाऱ्यांच्या करारालाही कायद्याचे बळ हवे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बँकांचा संप जाहीर झाला आणि त्यात अधिकारीही सामील आहेत असे कळले, की ‘साहेब लोकांना कसली आली आहे युनियन?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. मी एका सरकारी बँकेत कारकून म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. दोन्ही बाजूंच्या संघटनांची पावती फाडलेली असल्यामुळे या प्रश्नाबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

बँक संघटनांच्या संयुक्त मंचात नऊ संघटना आहेत आणि त्यांतील चार अधिकाऱ्यांच्या आहेत. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोकरदारांना, मग ते अधिकारी का असेनात, संघटना नोंदवता येऊ लागली. अडचण त्यानंतर सुरू होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने व्यवस्थापकीय व प्रशासकीय काम करणाऱ्यांना ‘कामगार’ या व्याख्येतून वगळले आणि देखरेखीचे काम करणाऱ्यांना पगाराची मर्यादा घातली, म्हणजे त्याहून जास्त पगार असेल तर तेही ‘कामगार’ नाहीत. ती मर्यादा २०१० मध्ये १,६०० वरून १०,००० रुपये झाली आणि या जुन्या कायद्यांच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० रुपये आहे. आज सरकारी बँकेत नव्याने रुजू होणाऱ्या स्केल वन, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतील, अधिकाऱ्याचे मूळ वेतनच ४८,४८० रुपये असल्यामुळे ही मर्यादा असून नसल्यासारखीच आहे. कारकुनाचा पगार मात्र कितीही वाढला तरी तो कायद्याने कामगारच राहतो, आणि ते योग्यच आहे.

या एका व्याख्येचा परिणाम ८ मार्च २०२४ रोजी स्पष्ट दिसला. त्या दिवशी बँक व्यवस्थापनांच्या वतीने वाटाघाटी करणाऱ्या इंडियन बँक्स असोसिएशनने कर्मचारी संघटनांबरोबर बारावा द्विपक्षीय करार केला, तर अधिकारी संघटनांबरोबर ‘जॉइंट नोट’वर सह्या केल्या. वेतनवाढ दोघांना १७ टक्के आणि तीही १ नोव्हेंबर २०२२ पासूनच. पण एक कागद कायद्याने बंधनकारक आणि त्याचा भंग हा गुन्हा, तर दुसरा निव्वळ टिपण. त्यातील कलमे प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाने अधिकाऱ्यांच्या सेवा विनियमांत दुरुस्ती करून घेतली, तरच ती अधिकाऱ्याच्या पदरात पडतात. तिथे एखादे कलम अडले, तर कर्मचाऱ्यांप्रमाणे करारभंगाची तक्रार घेऊन कामगार आयुक्तांकडे जाण्याची सोय अधिकाऱ्यांना नाही.

२०१६ च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या दिवसांत, मी एका तालुक्याच्या गावी शाखा सांभाळत होतो. तिजोरीच्या दोन चाव्यांपैकी एक रोखपालाकडे आणि एक माझ्याकडे, त्यामुळे तिजोरी लागेपर्यंत दोघांनाही हलता येत नसे. जुन्या पाचशेच्या गड्ड्या मोजून, बांधून, हिशेब जुळेपर्यंत रात्रीचे दहा वाजत. महिनाअखेर रोखपालाने ओव्हरटाइमचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि मी त्यावर आनंदाने सही केली. तसा फॉर्म माझ्यासाठी छापलेलाच नव्हता. तक्रार रोखपालाबद्दल नाही, त्याने घामाचे पैसे घेतले. पण त्याच तिजोरीपुढे, तितकेच तास उभा असलेला माणूस केवळ हुद्द्यामुळे मोजणीतून कसा सुटतो, हे मला आजवर उमगलेले नाही. शाखेचा ‘व्यवस्थापक’ म्हणवणाऱ्याला रजेवर जायचे तर बदली माणूस मिळवण्यासाठी क्षेत्रीय कार्यालयाची मनधरणी करावी लागते, मग त्याच्या हाती कोणते व्यवस्थापन उरते?

हुद्दा न पाहता प्रत्यक्षात मुख्यतः कोणते काम केले जाते ते पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलेले आहे. पण ते सिद्ध करायला एकेकट्याने कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि निकाल लागेपर्यंत अनेकांची नोकरीच संपते. म्हणूनच संघटना हवी. अधिकारी संघटनांचेही दोष आहेत, हे मान्य करायला हवे. सभासदांच्या बदल्या दर तीन वर्षांनी होत असताना काही नेत्यांचे बिऱ्हाड मात्र एकाच शहरात कसे टिकते, हा प्रश्न जेवणाच्या सुट्टीत आम्हीही विचारत असू.

तरीही सरकारकडे दोन मागण्या कराव्याशा वाटतात. अधिकारी संघटनांशी झालेल्या जॉइंट नोटला द्विपक्षीय कराराइतकाच कायदेशीर दर्जा द्यावा आणि त्यासाठी संहितेत आवश्यक ती दुरुस्ती करावी. तसेच १९७० च्या राष्ट्रीयीकरण कायद्यात संचालक मंडळावर अधिकाऱ्यांच्या प्रतिनिधीसाठी जागा ठेवलेली असूनही अनेक वर्षे रिकाम्या पडलेल्या या जागा आता भराव्यात. त्यासाठी तर नवा कायदाही करावा लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी, नाशिक