ओमानचे बाजार वारावर चालतात, सहलही वार पाहून आखावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

महाराष्ट्रातून ओमानला जाणाऱ्या अनेक सहलींच्या कार्यक्रमात निझवा हे गाव एका दिवसात उरकलेले असते. न्याहारी करून मस्कत सोडायचे, अकराच्या सुमारास पोहोचायचे, किल्ला पाहायचा, जेवून परत फिरायचे. वार कोणताही चालतो. दुपारी एक ते चार या वेळेत तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे एवढा खर्च करून गेलेल्या माणसाला मिटलेली लाकडी दारे आणि रिकामे बोळ दिसतात. आठवडी बाजार ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पुण्याच्या पेठांची नावेच वारांवरून पडली आहेत. तरीही परदेशी सहल आखताना वार का पाहिला जात नाही, हे कळत नाही.

ओमानच्या आतल्या भागातल्या तीन गावांचे बाजार सलग तीन दिवशी भरतात. बुधवारी इब्राचा महिला बाजार, गुरुवारी सिनावचा आणि शुक्रवारी निझव्याचा गुरांचा बाजार. मंगळवारी संध्याकाळी मस्कत सोडून इब्रात मुक्काम करावा, बुधवारी दुपारनंतर सिनाव गाठावे, गुरुवारी दुपारी निझव्याकडे निघावे आणि शनिवारी बहला आणि जब्रीनचे किल्ले पाहून परतावे. तिन्ही बाजार खऱ्या अर्थाने सकाळी नऊपर्यंतच असतात, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम त्याच गावात हवा. निझव्यात गुरुवारच्या रात्री खोल्या लवकर भरतात, तेव्हा सगळ्यात आधी तेच आरक्षण करावे. जुन्या माहितीपुस्तकांत गुरुवार-शुक्रवार सुटी लिहिलेली असते. मे २०१३ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली आहे. बँकेचे किंवा कार्यालयाचे काही काम असेल तर ते गुरुवारपर्यंत आटोपावे. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम उत्तम, मात्र रमजानात दुकानांच्या वेळा पार बदलतात.

निझव्याच्या गुरांच्या बाजारात सकाळी साडेसहाला हजर असावे. मधोमध छपराखाली गोल ओटा आहे आणि त्याभोवती फिरायला वाट. विकणारा माणूस बकरी दोरीने धरून, करडू असेल तर काखेत घेऊन, भाव पुकारत त्या वाटेने फेऱ्या मारतो. घेणारे वाटेच्या दोन्ही बाजूंना बसलेले किंवा उभे असतात. जनावर आवडले की हाक मारून थांबवतात, दात बघतात, कास चाचपतात, पाठीवरून हात फिरवतात, आणि पटले नाही की फेरी पुढे सुरू. पाहुण्यांची चूक होते ती इथेच. फोटोसाठी ते फेरीच्या वाटेत उतरतात, त्यामुळे सौदे अडतात आणि बुजलेल्या बैलाची धडक बसण्याची भीती राहते. शेळ्या-मेंढ्यांनंतर गाई-बैल येतात, तेव्हा मुलांना घेऊन बाहेरच्या कडेलाच थांबावे. दोन्ही ईदच्या आधीच्या दिवसांत गावोगावी ‘हब्ता’ नावाचे खास बाजार भरतात. त्या दिवसांत गर्दी आणि भाव दोन्ही वाढतात, पण पाहण्यासारखे तेवढे दुसरे काही नाही.

इब्राचा बुधवारचा बाजार बायकांचा आणि बायकांसाठी आहे. कापड, अत्तरे, सुरमा, कपड्यांवर शिवायच्या जरीच्या पट्ट्या असा माल असतो. पुरुषांनी आत शिरू नये, दाराशी रेंगाळूही नये. सिनावला वाळवंटातले बदू लोक उंट आणि बकऱ्या घेऊन येतात. त्यांच्या बायका चेहऱ्यावर चोचीसारखा बुरखा घालतात. त्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये, आणि नकार आला तर पुन्हा विचारू नये. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे सगळीकडेच हवेत.

पैशांत मराठी माणूस हमखास एका जागी चुकतो. ओमानी रियालचे शंभर नाही, हजार भाग असतात, त्यांना बैसा म्हणतात. पाटीवर १.५०० लिहिले असेल तर तो दीड रियाल. दुकानदार नुसते ‘साडेसातशे’ म्हणाला तर ७५० बैसा, म्हणजे पाऊण रियाल. एक रियाल दोनशेहून अधिक रुपयांचा असल्याने ही गफलत महागात पडते. ‘बैसा’ हा आपला पैसाच. १९७० साली ओमानचे स्वतःचे चलन येईपर्यंत तिथे भारतीय रुपया चालत होता आणि १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा छापत होती. मस्कतमध्ये हिंदीत घासाघीस करता येते. आतल्या गावांत अरबी आकडे दहापर्यंत तरी पाठ असावेत.

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत मस्कतमधल्या मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, होते. तिथल्या शाली, नक्षीच्या पेट्या आणि पितळी वस्तू यांतला बराच माल भारतातून गेलेला असतो. आणायचाच असेल तर लुबान हा धूप आणावा. हा दक्षिण ओमानमधल्या ढोफारच्या झाडांचा डिंक, आपल्या सातपुड्यातल्या सालईच्या कुळातला. हिरवट झाक असलेले, अर्धपारदर्शक खडे ‘होजारी’ म्हणून विकले जातात आणि ते सर्वांत चांगले समजले जातात. तपकिरी, सालीचे तुकडे चिकटलेला माल हलका. एक खडा मोडून हुंगावा, लिंबासारखा ताजा वास यायला हवा. घरी जाळताना कोळशावर राख धरू द्यावी आणि मग वाटाण्याएवढे दोन-तीन खडेच ठेवावेत. लालभडक निखाऱ्यावर टाकले की डिंक करपतो, घरभर काळा धूर होतो, आणि दोष मालाला दिला जातो.

निझव्याची खरी कारागिरी चांदीत आहे. जुने दागिने मारिया थेरेसा थेलर ही ऑस्ट्रियाची चांदीची नाणी वितळवून घडवलेले असत. हे सुमारे २८ ग्रॅमचे नाणे अजूनही विकायला असते. त्यावर साल १७८० असले तरी नंतरही ते त्याच सालाने पाडले जात राहिले, म्हणून जुने समजून जादा पैसे देऊ नयेत. खंजराचा भाव चांदीचे वजन आणि मुठीवर ठरतो. गेंड्याच्या शिंगाची किंवा हस्तिदंताची मूठ कुणी कितीही जुनी सांगितली तरी घेऊ नये, ती भारतात आणणे बेकायदा आहे. लाकडी मुठीचा खंजीरसुद्धा चेक-इन सामानातच टाकावा, हातातल्या बॅगेत सापडला तर विमानतळावरच सोडावा लागतो.

खजुराच्या गल्लीत खलास आणि खुनैझी या जातींचे खजूर चाखून घ्यावेत. मबसली जातीचे खजूर पिवळे, कच्चे असतानाच मोठ्या कढयांत उकळून उन्हात वाळवतात. पिढ्यान्‌पिढ्या हा माल भारतात येतो आहे. ओटीत घालतो ती खारीक म्हणजे असाच वाळवलेला खजूर. हे उकळण्याचे काम उन्हाळ्यात चालते, हिवाळ्यातल्या सहलीत फक्त तयार माल दिसतो.

स्वतः गाडी चालवणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा. वाहतूक उजव्या बाजूने असते आणि गोल चौकात आधीपासून आत असलेल्या गाडीला अग्रक्रम. डोंगरात पाऊस झाला की कोरड्या वादीला, म्हणजे एरवी सुक्या असलेल्या नदीपात्राला, काही मिनिटांत लोंढा येतो. वाहती वादी ओलांडणे जिवावरचे आहेच, शिवाय गुन्हाही आहे. अशा वेळी पाणी ओसरेपर्यंत काठावर थांबावे, एखादा बाजार हुकला तरी चालेल. निझव्याजवळच्या जबल अखदर या डोंगरावर चढायचे असल्यास फोर व्हील ड्राइव्ह गाडी सक्तीची आहे, पायथ्याच्या चौकीवर पोलीस साधी गाडी परत पाठवतात.

सहल संस्थांनी एवढेच करावे: कार्यक्रमपत्रिकेत गावाच्या नावापुढे वार आणि पोहोचण्याची वेळ छापावी. प्रवाशांनीही आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ‘निझवा शुक्रवारी आहे का, आणि सकाळी किती वाजता?’ हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

आपला,
एक मराठी वाचक, मस्कत